मदत हवी आहे: परस्पर संमतीने घटस्फोट घेताना मुलांचा खर्च कसा लिहून घ्यावा?

नमस्कार मंडळी,

मी चिंचवडला राहते, नोकरी करते. गेले १४ महिने आम्ही दोघं वेगळे राहतोय आणि आता परस्पर संमतीने घटस्फोट घ्यायचं ठरलंय. मारहाण, फसवणूक असलं काही नाही, पण पुढे एकत्र नांदणं जमणार नाही हे दोघांनाही पटलंय. मुलगी ७ वर्षांची, मुलगा साडेतीन.

हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ ब साठी वर्षभर वेगळं राहिलेलं लागतं, ते झालंय. अर्जानंतरचे सहा महिने २०१७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे माफ होऊ शकतात म्हणे. मला घाई नाही. अडलंय ते कन्सेंट टर्म्सच्या, म्हणजे दोघांनी मान्य करून कोर्टात द्यायच्या अटींच्या मसुद्यात.

त्यात लिहिलंय की फ्लॅट माझ्या नावावर होईल आणि त्याबदल्यात मी ‘स्वतःसाठी व मुलांसाठी भविष्यात कोणतीही पोटगी मागणार नाही’. वकील म्हणतात, सगळे असंच लिहितात. माझ्या पोटगीवर मी खुशाल पाणी सोडते, मला पगार आहे. पण मुलांच्या हक्काचं मी कसं सोडू? शाळेची फी, व्हॅन, पाळणाघर, धाकट्याचा दम्याचा पंप धरून महिन्याला ३५ हजार जातात. तो अठराचा व्हायला अजून साडेचौदा वर्षं आहेत.

दुसरं म्हणजे ताबा. मुलं माझ्याकडे, शनिवार-रविवार बाबांकडे, दिवाळीची आणि मे महिन्याची सुट्टी निम्मी-निम्मी. गेल्या शनिवारी धाकट्याची गोधडी इकडेच राहिली. तिच्याशिवाय तो झोपत नाही. रात्री साडेदहाला मुलांचे बाबा कोथरूडहून स्कूटरवर आले, दारातूनच गोधडी घेतली आणि परत गेले. अशा बापाला कागदावर नुसते ‘भेटीचे हक्क’ का द्यायचे? शाळा, आजारपण, यांच्या निर्णयात त्यांचं नाव हवं असं मला मनापासून वाटतं. आईला हे अजिबात पटत नाही.

दरवर्षी वाढणारा खर्च मसुद्यात कसा मांडायचा? आणि उद्या दोघांपैकी कुणाची बदली झाली तर?

प्रतिसाद १

ताई, त्या वाक्यावर सही करू नका. पोषणाचा हक्क मुलांचा असतो, आईबापांना तो सोडून देता येत नाही. ताबा आणि खर्चाचे आदेश त्याच कायद्याच्या कलम २६ खाली निकालानंतरही बदलून मागता येतात. मग मुळातच चुकीचं कशाला लिहायचं?

आम्ही असं लिहिलं होतं: फी बाबांनी थेट शाळेत भरायची, बाकीची रक्कम ५ तारखेच्या आत आईच्या खात्यात, दर जूनमध्ये १० टक्के वाढ, दवाखान्याचा मोठा खर्च निम्मा-निम्मा. जून मुद्दाम घातला, फी तेव्हाच वाढते. शहर सोडायचं तर ६० दिवस आधी लेखी कळवायचं. मुलांच्या पासपोर्टला दोघांनी सह्या द्यायच्या हेही लिहा, आमचं तिथेच अडलं होतं.

पाच वर्षांखालचं मूल सहसा आईकडे राहतं, पण न्यायालय सगळ्यात आधी मुलांचं हित बघतं. निर्णय दोघांनी मिळून घ्यायचे असं तुम्हा दोघांनाच हवं असेल तर तसं स्पष्ट लिहा. कौटुंबिक न्यायालयात समुपदेशक असतात. त्यांच्यासमोर दोघांनी बसून मसुदा ओळ न् ओळ वाचा.

धागाकर्ती

खूप आभार. ते पोटगीचं वाक्य खोडून मसुदा आजच मुलांच्या बाबांना पाठवते. जूनचं आणि ६० दिवसांचं त्यांनाही पटेल. आईला मात्र शनिवारी सावकाश सांगेन, मुलं घरात नसताना.