ओसेमोसिस मॉडेल सगळी रात्र कोयनेवर काढतंय, कुठे चुकतंय?

गिरणाकाठ: एम.टेक.च्या प्रबंधासाठी ओसेमोसिसमध्ये, म्हणजे सगळ्यात कमी खर्चाचं वीजनियोजन शोधणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, महाराष्ट्राच्या विजेचं २०५० पर्यंतचं मॉडेल बांधतेय. वर्षाचे सहा तुकडे केलेत: उन्हाळा, पावसाळा, हिवाळा आणि प्रत्येकाचा दिवस व रात्र. कार्बनवर मर्यादा घातली की मॉडेल सौर उभारत सुटतं, बॅटरी जवळजवळ घेतच नाही आणि रात्रीची वीज कोयनेतून काढतं. सगळ्यात कमी खर्चाचं उत्तर हेच, असं म्हणतं. मला ते पटत नाही. बाबा रात्री दोनला टॉर्च घेऊन गव्हाला पाणी द्यायला जायचे, ते परत येईपर्यंत आई जागी असायची. ती रात्रीची मोटर माझ्या आकड्यांत कुठेच नाही.

तुकडेजोड: दिवसाचा एकच तुकडा केला की दुपारी बाराचं ऊन आणि संध्याकाळी सहाचं ऊन यांची सरासरी होते. संध्याकाळी सात ते दहाचा लोड (विजेची मागणी) पहाटे तीनच्या लोडमध्ये मिसळून सपाट होतो. बॅटरी लागते ती नेमकी त्या तीन तासांत, आणि ते तासच तुमच्या मॉडेलला दिसत नाहीत. दिवस-रात्र मिळून चोवीस तासांचे निदान चार तुकडे करा, संध्याकाळ वेगळी ठेवा. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने २०२९-३० साठी तासातासाचा हिशोब मांडला (अहवाल एप्रिल २०२३), तेव्हा सुमारे २९२ गिगावॉट सौरसोबत सुमारे ४२ गिगावॉट बॅटरी निघाली, तीही पाच तास पुरणारी.

कोयनेचं म्हणाल तर १,९६० मेगावॉट ही क्षमता झाली, पाणी नव्हे. कृष्णा पाणीवाटप लवादाने वीजनिर्मितीसाठी पश्चिमेकडे सोडायला वर्षाला ६७.५ टीएमसीच (अब्ज घनफूट) पाणी दिलंय, आणि ते वर्ष १ जूनला सुरू होतं. नुसती क्षमता भरलीत तर मॉडेल नसलेलं पाणी वापरणारच. वार्षिक निर्मितीवर कमाल मर्यादा घाला.

निवृत्त यंत्रचालक: ताई, सबस्टेशनवर आयुष्य गेलं म्हणून सांगतो. शेतीचा लोड घरांच्या लोडमध्ये मिसळू नका. शेतकरी रात्री मोटर लावतो कारण थ्री फेज पाळीने मिळते, एका आठवड्यात दिवसा ८ तास, दुसऱ्यात रात्री १० तास. पाळी बदलली की लोड हलतो. २०१७ च्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत हेच आहे: शेतीचा फीडर (सबस्टेशनवरून निघणारी वीजवाहिनी) वेगळा, सबस्टेशनजवळच सौर प्रकल्प, पंप दिवसा. शिवाय पंपांचा जोर रब्बीत, तेव्हा आभाळ मोकळं असतं. पावसाळ्यात मोटरी बंद. म्हणून दोन्ही तऱ्हा चालवून बघा, पाळीची आणि पूर्ण दिवसाची.

गिरणाकाठ: काका, दोन्ही चालवल्या. बारा तुकडे केले, पाण्याची मर्यादा घातली. आता कोयना फक्त संध्याकाळी चालते आणि बॅटरी आली. सगळे पंप दिवसा घेतले तर बॅटरी बरीच कमी लागते, रात्रीचा कोळसाही उतरतो. कोळशाच्या एका युनिटमागे साधारण किलोभर कार्बन डायऑक्साइड, म्हणजे फरक लहान नाही. बाबांना फोन करून सांगितलं. आता कमी पावसाच्या वर्षाची वेगळी रन लावतेय. खानदेशातले रब्बीतले फीडरनिहाय तासाचे आकडे कुणाकडे आहेत का? माझ्याकडे महिन्याची बेरीज आहे, तिच्यावर भागत नाही.