रोजच्या वापरासाठी हलकी स्पोर्ट्स कार : आपापले अनुभव लिहा

सातवा मैल (धागाकर्ती)

गेल्या आठवड्यात माझी गाडी चार दिवस गॅरेजमध्ये होती आणि तेवढ्यापुरती मला एक उंच, ऐसपैस, माझ्या गाडीच्या दीडपटीहून जड गाडी वापरायला मिळाली. पहिल्याच वळणावर मी सवयीप्रमाणे मनगटाने स्टिअरिंग हलकेच फिरवले. गाडी आधी बाहेरच्या बाजूला कलली, मग सावरली आणि मग वळली. त्या अर्ध्या सेकंदात नऊ वर्षांपूर्वीचा दिवस लख्ख आठवला. अशीच एक मोठी गाडी विकून मी त्या दिवशी दोन आसनांची माझदा एमएक्स-५ घरी आणली होती, आणि तीही सुटीच्या दिवसाची हौस म्हणून नव्हे, तर रोज कामाला जाण्यासाठी.

मला वेगाचे वेड लागले आहे, असे तेव्हा सगळ्यांना वाटले होते. प्रत्यक्षात माझा रोजचा एकेरी प्रवास २२ किलोमीटरचा, त्यात सिग्नल, वळणे आणि गर्दी. तिथे वेग घ्यायला वावच नाही. मला जे गवसले ते ताशी ४० किलोमीटरच्या आतले आहे. गाडी जेमतेम एक टनाची, वजन पुढच्या आणि मागच्या चाकांवर जवळपास निम्मे निम्मे, आणि बसायची जागा मागच्या चाकांना लागून. त्यामुळे चौकातून साधे डावीकडे वळतानाही गाडी आपल्या कमरेभोवती फिरते आहे हे कळते. माझदाचे लोक या भावनेला ‘जिनबा इत्ताई’ म्हणजे घोडा आणि स्वार यांची एकरूपता असे म्हणतात. १९८९ मध्ये पहिली एमएक्स-५ आली तेव्हापासूनचा हा शब्द मी जाहिरातीतला म्हणून सोडून दिला होता. महिनाभरात तो मला मनापासून पटला.

छपराची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. समोरच्या काचेच्या वर मधोमध एकच खटका आहे. तो सोडवायचा, छप्पर बसल्या जागेवरून एका हाताने मागे ढकलायचे आणि ‘खट्’ असा आवाज येईपर्यंत दाबायचे. लाल सिग्नल हिरवा होण्याआधी हे सगळे उरकते. संध्याकाळी काम संपवून निघाले की मी पहिल्या सिग्नलला हे करते आणि दिवसभराचा शीण तिथेच उतरतो.

मोबदलाही द्यावा लागलाच. डिकी १३० लिटरच्या आसपास, म्हणजे एक मऊ बॅग आणि वर एखादी पिशवी. ‘असू दे, लागेल’ म्हणून मोठ्या गाडीत वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या सगळ्या वस्तूंना मी निरोप दिला, आणि त्यातली एकही पुन्हा लागली नाही. अशी गाडी रोज वापरणाऱ्या किंवा कधीकाळी वापरलेल्या सर्वांनी आपले अनुभव अवश्य लिहावेत.

पाचवा गिअर

आधी बूड, मग पाय. माझ्या लोटस एलीसमध्ये बसण्याचा दुसरा मार्ग नाही. छप्पर लावलेले असेल तर डोकेही त्याच वेळी आत घ्यावे लागते आणि पहिले काही आठवडे माझ्या गुडघ्यावर दाराच्या चौकटीचा वळ असायचा. तरीही मला त्या रुंद उंबरठ्याचा राग येत नाही, कारण गाडीची सगळी ताकद त्याच्यातच आहे. वर छताचा आधार नसल्यामुळे गाडी पिळली जाऊ नये याची जबाबदारी दोन्ही बाजूंच्या जाड ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांवर येते. १९९६ मध्ये आलेल्या पहिल्या एलीसचा सांगाडा ॲल्युमिनियमचे भाग वेल्डिंगने न जोडता इपॉक्सी गोंदाने चिकटवून केलेला होता. त्याचे वजन फक्त ६८ किलो आणि संपूर्ण गाडीचे ७२५ किलोच्या आसपास. लोटसचे संस्थापक कॉलिन चॅपमन यांनी आयुष्यभर धरलेला आग्रह त्यात पुरेपूर उतरला आहे : ताकद वाढवली तर गाडी सरळ रस्त्यावर वेगवान होते, वजन घटवले तर सगळीकडे. मी रोज ती चालवतो, पॉवर स्टिअरिंग नाही, आणि रस्त्यावर ओल कुठे सुरू झाली ते मला तळहातांना आधी कळते.

वळणवाट

सातवा मैल, तुमचे छपराचे वर्णन वाचून एकीकडे आनंद झाला आणि दुसरीकडे पोटात कालवले. माझी गाडी कोणती ते लिहीत नाही, पण छप्पर कापडी आहे. मागच्या पावसात दोन दिवस आत कुबट वास येत होता. काचा नीट बंद होत्या, छपराचे कापड बाहेरून कोरडे होते, म्हणून मी दुर्लक्ष केले. तिसऱ्या दिवशी ब्रेक दाबला आणि सीटच्या मागून पाणी घरंगळल्याचा आवाज आला. गालिचा उचलला तर खाली बोटाच्या पेराएवढे पाणी साचलेले होते. छप्पर फाटले असावे असे गृहीत धरून मी गॅरेजला गेलो. तिथेही नवे छप्पर बसवा असेच सांगण्यात आले आणि मी ते बसवलेसुद्धा. पुढच्या पावसात पुन्हा तेच. हा खर्च आणि मनस्ताप कोणाच्याही वाट्याला येऊ नये असे मनापासून वाटते.

तेलकट हात

वळणवाट, तुमचे छप्पर बहुधा निर्दोष होते. अशा गाड्यांत छपरावरून ओघळणारे पाणी मागे एका पन्हाळीत जमा होते आणि दोन्ही बाजूंच्या नळ्यांतून गाडीच्या पोटाखाली जाते. झाडाखाली उभ्या राहणाऱ्या गाडीत पाने, माती आणि बिया त्या नळ्यांच्या तोंडाशी अडकतात, पाणी तुंबते आणि मग आत उतरते. छप्पर अर्धे उघडून, सीटच्या मागे दोन्ही कोपऱ्यांत बॅटरीचा उजेड टाकून पाहा. गवत कापायच्या यंत्रात असते तशी लवचीक नायलॉन दोरी हळूहळू फिरवत आत सारा. जोराची हवा मारू नका, कारण आतली नळी जागेवरून सुटू शकते आणि मग पाणी थेट पत्र्याच्या पोकळीत जाऊन तो आतून गंजतो. मोकळी झाली की नाही ते पाहायला पेलाभर पाणी ओता. ते मागच्या चाकाच्या पुढे जमिनीवर पडले पाहिजे. वर्षातून दोनदा एवढे केले तरी पुरे.

दोन आसने

माझी गाडी मी गेल्या वर्षी विकली. मुलगी होईपर्यंत चार वर्षे तिच्याशिवाय दुसरी गाडी नव्हती. तान्ह्या बाळाची मागे तोंड करून बसवायची सीट पुढच्या आसनावर ठेवायची तर समोरची एअरबॅग बंद असलीच पाहिजे. ती फुगली तर बाळाच्या जिवावर बेतते. माझ्या गाडीत ती बंद करायची सोय होती, म्हणून काही महिने आम्ही तसे निभावले. पण मग तिघांनी मिळून कुठे जायचेच नाही असे होऊ लागले. त्यातच आईचा गुडघा दुखायला लागला आणि तिला इतक्या खाली बसता येईना, बसली तर उठता येईना. ती काही बोलली नाही, नुसते म्हणाली, “तू जा, मी नंतर येते.” त्या दिवशी मी ठरवले. निर्णय योग्य होता याबद्दल शंका नाही, परंतु नवा मालक गाडी घेऊन कोपऱ्यावर वळला तेव्हा गिअर उतरवल्याचा आवाज ऐकून डोळे भरून आले, हेही तितकेच खरे आहे.

पाचवा गिअर

दोन आसने, तुमचा प्रतिसाद वाचून फार वाईट वाटले. आईंचा गुडघा आता कसा आहे?

अर्धा एमव्ही वर्ग

ताशी १०० किलोमीटर वेगात १००० किलोच्या गाडीची गतिज ऊर्जा सुमारे ३८६ किलोज्यूल असते आणि १६०० किलोच्या गाडीची सुमारे ६१७. थांबायचे म्हटले की ही सगळी ऊर्जा ब्रेकना उष्णतेच्या रूपात बाहेर टाकावी लागते. यामुळेच हलक्या गाडीला लहान ब्रेक पुरतात, अरुंद टायर पुरतात, स्प्रिंग फार ताठ ठेवाव्या लागत नाहीत. आणि हे भाग लहान झाले की गाडी आणखी हलकी होते. एका किलोची बचत अशी पुढे पुढे सरकत जाते. माझ्या गाडीचे ब्रेक पॅड मी आधीच्या गाडीच्या मानाने कितीतरी उशिरा बदलतो.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. जड आणि हलकी गाडी समोरासमोर आदळली तर हलक्या गाडीचा वेग अधिक मोठ्या फरकाने बदलतो, आणि तो हिसका आत बसलेल्या माणसाला सोसावा लागतो. आधुनिक सांगाडे आणि एअरबॅगा पुष्कळ वाचवतात, पण वजनातला फरक त्यांनी पुसला जात नाही. मी हे जाणून गाडी चालवतो, पुढच्या गाडीपासून नेहमीपेक्षा जास्त अंतर ठेवतो आणि चौकात हिरवा दिवा लागला तरी आधी दोन्हीकडे पाहतो.

निळी काच

वरच्या प्रतिसादाशी पूर्ण सहमत. मोठ्या गाड्यांच्या चालकांना आपण दिसत नाही, ही माझी सर्वांत मोठी काळजी आहे. ट्रकशेजारी उभी राहिले की माझ्या खिडकीतून फक्त त्याच्या चाकाचे नट दिसतात. ते मोजता येतील इतके जवळ. रात्री मागच्या उंच गाडीचे दिवे तिन्ही आरशांतून थेट डोळ्यांत येतात. मधला आरसा मी रात्रीच्या खटक्यावर ठेवते, बाजूचे दोन किंचित बाहेर वळवून घेतले आहेत, आणि मोठ्या गाडीच्या मागच्या कोपऱ्याशी रेंगाळायचे नाही, एक तर पुढे जायचे किंवा मागे राहायचे, हा नियम पाळते. दिवसासुद्धा दिवे चालू असतात.

आठवा प्रहर

गर्दीत क्लच दाबून दाबून पाय दुखत नाही का? घ्यायचा विचार गेली तीन वर्षे चालू आहे आणि मी याच एका प्रश्नावर अडलो आहे. माझा रोजचा तास सव्वा तास थांबत थांबतच जातो.

सातवा मैल

आठवा प्रहर, माझ्या गाडीचा क्लच आधीच्या डिझेल गाडीपेक्षा पुष्कळ हलका आहे, कारण इंजिनाचा जोर कमी असला की क्लचची स्प्रिंगही तितकी कडक लागत नाही. तरीही आपण विकत घेण्याआधी नेमक्या आपल्या रस्त्यावर, नेमक्या आपल्या वेळेला ती चालवून पाहावी. मोकळ्या रस्त्यावर दहा मिनिटे फिरवून यातले काहीच कळत नाही. कमरेचा त्रास असेल तर त्याच वेळी पाच वेळा बसून उतरून पाहा.

ओला रस्ता

मी एकदा गोल फिरलो आहे. ऑटोमॅटिक, पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीची वीस वर्षांची सवय होती आणि नवी गाडी मागच्या चाकांवर चालणारी. थंड पहाट, नुकताच भुरभुरलेला पाऊस, आणि टायर उन्हाळी. तापमान ७ अंशांच्या खाली गेले की उन्हाळी टायरचे रबर कडक होऊ लागते हे मला ठाऊक होते, पण ठाऊक असणे आणि पायाला माहीत असणे यांत फार अंतर आहे. वळण पूर्ण होण्याआधी मी ॲक्सिलरेटर दाबला, मागची बाजू सुटली, घाबरून पाय पूर्ण काढला आणि त्यामुळे उरलेली पकडही गेली. कोणी आजूबाजूला नव्हते, गाडीला खरचटलेही नाही. मात्र मी त्याच आठवड्यात थंडीचे टायर बसवून घेतले आणि एका मोकळ्या मैदानात प्रशिक्षकाबरोबर पूर्ण दिवस घालवला. रोज चालवायची असेल तर हा एक दिवस प्रत्येकाने द्यावा अशी माझी कळकळीची विनंती आहे.

सहाशेसाठ

मी सर्वांत लहान गटातला आहे. जपानमधील केई, म्हणजे सर्वांत छोट्या गाड्यांच्या वर्गाच्या नियमानुसार इंजिन ६६० सीसीपर्यंत, आणि उत्पादकांनी आपसांत पाळलेली ताकदीची मर्यादा ६४ अश्वशक्ती. १९९१ मध्ये होंडा बीट आणि सुझुकी कॅपुचिनो या दोन्ही गाड्या याच चौकटीत आल्या. माझी बीट आहे. तिला टर्बो नाही, त्यामुळे पूर्ण ताकद इंजिनाच्या मिनिटाला ८१०० फेऱ्या झाल्या की मिळते. म्हणजे कामाला जाताना रोज प्रत्येक गिअरमध्ये इंजिन मनसोक्त गाऊ देता येते आणि तरीही वेगमर्यादा मोडत नाही. मोठ्या ताकदीच्या गाडीत दुसऱ्या गिअरलाच ती मर्यादा संपते आणि उरलेले चार गिअर शोभेचे राहतात. मला कोणीही मागे टाकून जाते आणि त्याचे मला मुळीच वाईट वाटत नाही. सुटे भाग मिळवणे मात्र कष्टाचे आहे. तीस वर्षांहून जुनी गाडी रोज वापरायची तर एक पर्यायी साधन हाताशी हवेच.

दोन आसने

पाचवा गिअर, विचारल्याबद्दल आभारी आहे. आई आता काठीशिवाय चालते. परवा रस्त्यात तशीच एक गाडी दिसली तेव्हा मुलीआधी तिनेच बोट दाखवले.

वळणवाट

तेलकट हात, आज संध्याकाळी उजेड असतानाच बसलो. डाव्या बाजूची नळी पटकन मोकळी झाली. उजवीकडे दोरी चार बोटे जाऊन अडली. फिरवत फिरवत बाहेर काढली तर काळा चिखल, तीन काटक्या आणि कोंब फुटलेले एक बी निघाले. मग पेलाभर पाणी ओतले. क्षणभर काहीच झाले नाही, आणि मग मागच्या चाकाच्या पुढे टपटप सुरू होऊन धार लागली. मी आणखी दोन पेले ओतले, केवळ ती धार पाहण्यासाठी.