62 हजारांचं लीड गेलं कुठे?

ए-203: (आलेला मेसेज पुढे पाठवला आहे) "40 वर्षांचा बालेकिल्ला एका दिवसात ढासळतो? मागच्या वेळी 62 हजारांनी आलेला माणूस यंदा 10 हजारांनी पडतो? विचार करा. 10 ग्रुपवर पाठवा."

सेक्रेटरी: या ग्रुपवर पक्षाचा प्रचार नको, हे ठरलेलं आहे. चर्चा करायची तर आकडे घेऊन करा.

बी-704: आकडेच घेऊ. मेसेज संगमनेरबद्दल आहे. बाळासाहेब थोरात 1985 ला पहिल्यांदा अपक्ष म्हणून आले, नंतर काँग्रेसकडून, सलग 8 वेळा. 2019 ला त्यांना 1,25,380 मतं, शिवसेनेच्या साहेबराव नवल्यांना 63,128. फरक 62,252. नोव्हेंबर 2024 ला थोरात 1,01,826 आणि शिंदे सेनेचे अमोल खताळ 1,12,386. फरक 10,560. मेसेजातले आकडे खरे आहेत, पण त्यातून काढलेला अर्थ कच्चा आहे.

ए-203: कच्चा कसा काका? 72 हजारांचा उलटफेर आहे हा.

बी-704: 72 हजार माणसं उठून पलीकडे गेली असं वाटतं ना? दोन्ही बाजू वेगवेगळ्या मोजा. थोरातांची मतं घटली 23,554. समोरच्याची वाढली 49,258. म्हणजे थोरातांपासून सुटलेली सगळीच्या सगळी मतं खताळांना गेली असं धरलं, तरी उरलेली 25 हजारांवर मतं दुसरीकडून आली. नवीन नोंदणी, मागच्या वेळी घरी बसलेले, किरकोळ उमेदवारांकडची. लीड म्हणजे दोन माणसांमधला फरक. त्यातला अर्धा भाग समोरचा उमेदवार किती हलका होता यावर असतो.

सी-101: आणि एक मत इकडून तिकडे गेलं की फरक दोनने हलतो, हे लोक विसरतात. 62 हजारांचं लीड फिटवायला 31 हजार माणसं फिरली तरी पुरे.

बी-302: बरोबर ताई. 2024 ला राज्यातलं मतदानही 66 टक्क्यांच्या वर गेलं, 2019 ला 61 च्या आसपास होतं. मतदान एवढं वाढलं की जुन्या लीडवर विसंबणारा पहिला फसतो. त्याची यादी जुनीच असते.

ए-203: पण इतका मुरलेला माणूस, आधी कळलं नसेल?

बी-704: कळण्याची जागा लीड नाहीच, म्हणून तर चुकतात. जालना बघा, तिथे जास्त स्वच्छ दिसतं. भाजपचे रावसाहेब दानवे 1999 पासून 5 वेळा खासदार. 2009 ला काँग्रेसचे कल्याण काळे समोर होते, दानवे फक्त 8,482 नी आले. 2014 ला विलास औताडे समोर, लीड 2,06,798. 2019 ला पुन्हा औताडेच, लीड 3,32,815. 2024 ला काळे परत आले आणि दानवे 1,09,958 नी पडले. 8 हजारांवर अडवणारा माणूस 15 वर्षं समोर नव्हता, तेवढ्यात लीड फुगत गेलं. वर 2014 आणि 2019 ची देशातली हवा.

सी-101: काळे फुलंब्रीचे माजी आमदार. जालना लोकसभेत जालना, बदनापूर, भोकरदन, सिल्लोड, फुलंब्री, पैठण येतात. सहापैकी तीन जागा संभाजीनगर जिल्ह्यातल्या. 'जालन्याचा बालेकिल्ला' म्हणताना अर्धा मतदारसंघ जालना जिल्ह्यात नाहीच, हे मुंबईच्या चॅनेलवाल्यांना कोण सांगणार.

डी-505: 2024 ला मराठा आरक्षणाचं वातावरण होतं, कांद्या-सोयाबीनच्या भावाचा राग होता. फक्त उमेदवारावर कसं घेता?

बी-704: होतंच. तिथे अपक्ष मंगेश साबळेंना 1,55,930 मतं पडली, ती त्या वातावरणाचीच. दानवेंच्या पराभवाच्या फरकापेक्षा ती जास्त. पण म्हणून "साबळेंनी दानवेंना पाडलं" असं म्हणता येत नाही. ती मतं सरकारवर चिडलेल्यांची होती. साबळे नसते तर त्यातली बरीच काळेंकडेच गेली असती.

बी-302: तिसऱ्या उमेदवाराचं गणित बघायचं तर शेजारी औरंगाबाद, 2019. शिवसेनेचे चंद्रकांत खैरे 1999 पासून 4 वेळा खासदार. इम्तियाज जलील 3,89,042, खैरे 3,84,550. फरक 4,492. तिसरे हर्षवर्धन जाधव, अपक्ष, ट्रॅक्टर चिन्ह, 2,83,798. हे जाधव 2014 ला कन्नडहून शिवसेनेच्याच तिकिटावर आमदार झालेले. म्हणजे मतं एकाच पाटीतली.

ए-203: मग इथे तरी तिसऱ्यामुळे गेली म्हणायचं ना?

बी-302: इथे म्हणता येतं, आणि का ते नीट बघ. जाधवांच्या दर 100 मतांमागे जेमतेम दोन मतं जास्तीची खैरेंकडे आली असती, तरी निकाल फिरला असता. 4,492 भागिले 2,83,798, दीड टक्क्याच्या जरा वर. जालन्यात साबळेंच्या मतांपैकी निव्वळ 70 टक्के फरक दानवेंच्या बाजूने पडायला हवा होता, जे अशक्य. तिसऱ्याची मतं हरण्याच्या फरकापेक्षा जास्त आहेत, एवढ्यावर थांबायचं नाही. त्यातली किती टक्के वळायला हवी होती ते काढायचं. 10 टक्क्यांच्या आत असेल तर मतविभागणी म्हणा. 50 च्या वर असेल तर ती सबब.

सी-101: सुंदर. हे कुठे लिहून ठेवा.

डी-505: खैरेंचं पुढे काय झालं तेही सांगा. 2024 ला जाधवांचा जोर ओसरलेला होता, तरी खैरे तिसरे आले. शिंदे सेनेचे संदीपान भुमरे 1,34,650 नी जिंकले, जलील दुसरे.

बी-302: हो, कारण तोवर शिवसेनेचेच दोन भाग झाले होते. 2019 चा पराभव अपघात म्हणता येईल, 2024 चा नाही.

ए-601: रायगडचं कुणी काढलं नाही? गीते साहेब.

सी-101: शिवसेनेचे अनंत गीते 1996 पासून 6 वेळा खासदार. आधी रत्नागिरी. 2008 च्या पुनर्रचनेत तो मतदारसंघच गेला, म्हणून 2009 पासून रायगड. 2014 ला एवढ्या लाटेत सुनील तटकऱ्यांसमोर ते फक्त 2,110 नी आले, आणि त्याच यंत्रावर आणखी एक सुनील तटकरे अपक्ष होते, त्यांना 9,849 मतं. ही धोक्याची घंटा होती. 2019 ला तटकऱ्यांकडूनच 31,438 नी पडले.

ए-601: म्हणजे 2014 ला नावामुळे वाचले!

सी-101: तसं म्हणायला भरपूर वाव आहे. तेव्हा यंत्रावर उमेदवाराचा फोटो नसायचा, तो 2015 पासून आला. मतपत्रिकेवर क्रम असा लागतो: आधी मान्यताप्राप्त पक्षांचे उमेदवार, मग फक्त नोंदणी असलेल्या पक्षांचे, शेवटी अपक्ष, आणि प्रत्येक गटात नावाच्या अक्षरक्रमाने. त्यामुळे नामसाधर्म्याचा अपक्ष खाली असतो. पण चिन्ह जर सारखं दिसलं तर फोटोही उपयोगी पडत नाही. साताऱ्यात 2024 ला शशिकांत शिंदे 32,771 नी पडले आणि त्यांच्या 'तुतारी वाजवणारा माणूस' या चिन्हासारख्या दिसणाऱ्या चिन्हावरच्या अपक्षाने 37 हजारांवर मतं घेतली.

सेक्रेटरी: उद्या सकाळी 10 ते 12 टाकी सफाई, पाणी बंद. भरून ठेवा. चर्चा चालू द्या.

ए-203: पण मोजणीत 10 व्या फेरीपर्यंत पुढे असलेला माणूस अचानक मागे कसा पडतो? मेसेजमध्ये तेही आहे.

बी-704: फेऱ्या बूथ क्रमांकाने होतात. साधारण 14 टेबलं, म्हणजे एका फेरीत 14 बूथ. पहिल्या फेरीत 1 ते 14, पुढच्यात 15 ते 28. बूथ क्रमांक गावागावाने लावलेले असतात, म्हणून पहिल्या 8-10 फेऱ्या तालुक्याच्या एकाच टोकाच्या असू शकतात. तिकडे ज्याचा जोर तो पुढे दिसणार. शहर शेवटी आलं की चित्र पालटतं. ज्याला बूथची यादी पाठ आहे तो पाचव्या फेरीला निकाल सांगतो, टीव्हीवाले मात्र 'नाट्यमय वळण' म्हणतात.

बी-302: आणि शंका घ्यायचीच तर कागद घेऊन घ्यावी. मतदान संपल्यावर केंद्राध्यक्ष 17-सी नमुना भरतो, त्यात त्या यंत्रात एकूण किती मतं पडली ते असतं आणि त्याची सही केलेली प्रत प्रत्येक पोलिंग एजंटला मिळते. मोजणीच्या टेबलावर तोच आकडा जुळला पाहिजे. मोठ्या नेत्यांची गंमत इथेच होते. सभेला 20 हजार माणसं, आणि 40 बूथवर एजंटच नाही. एजंट नाही म्हणजे 17-सी हातात नाही, म्हणजे मोजणीच्या दिवशी जुळवायला काही नाही.

डी-505: फेरमोजणी?

बी-302: एकूण आकडे जाहीर झाल्यावर, निवडणूक अधिकाऱ्याने नमुना 20 वर (निकालाचा बूथनिहाय तक्ता) सही करण्याआधी, लेखी अर्ज आणि कारण द्यावं लागतं. सही झाली की ती वाट बंद. मग उरते ती हायकोर्टात निवडणूक याचिका, निकालाच्या दिवसापासून 45 दिवसांत. मतदानाच्या दिवसापासून नव्हे, निकालाच्या. नुसतं "यंत्रात गडबड" लिहून चालत नाही, कुठल्या बूथवर काय झालं आणि त्याने निकाल कसा बदलला हे याचिकेतच मांडावं लागतं. बहुतेक याचिका तिथेच पडतात.

सी-101: एप्रिल 2024 च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला 5 टक्के यंत्रांची तपासणी मागता येते. अर्ज 7 दिवसांत. त्या वर्षी एका संचाला 40 हजार अधिक जीएसटी, म्हणजे 47,200 भरावे लागत. गडबड निघाली तर पैसे परत.

ए-203: हा नमुना 20 आपल्याला बघता येतो का?

बी-704: येतो. मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या वेबसाइटवर निकालाखाली असतो, विधानसभानिहाय पीडीएफ. प्रत्येक ओळ एक बूथ, प्रत्येक रकाना एक उमेदवार, शेवटी नोटा आणि एकूण. आता यात लोक कुठे घसरतात ते सांगतो. एक, पोस्टल मतं बूथच्या ओळींत नसतात, तळाला वेगळी असतात. ती सोडून बेरीज केली की "आकडे जुळत नाहीत" म्हणून बोंब सुरू. दोन, लोकसभेचा नमुना हवा तर सहाही विधानसभांचे कागद वेगळे जमवावे लागतात. तीन, सगळ्यात मोठी चूक: 2019 चा बूथ 112 आणि 2024 चा बूथ 112 एकच धरणं. मतदार वाढले की बूथ फुटतो आणि पुढचे सगळे क्रमांक सरकतात. आधी मतदान केंद्रांची यादी घेऊन शाळेच्या नावाने जुळवा, क्रमांकाने नाही.

बी-704: मग मतं बघू नका, टक्का बघा. नेत्याच्या स्वतःच्या गावात 80 वरून 70 वर आला तर समजा घरचं जुनं देणंघेणं बिघडलंय: सोसायटी, कारखाना, दूध संघ. गावात टक्का तोच आणि तालुक्याच्या शहरात 50 वरून 35, तर नवी वस्ती आणि नवा मतदार त्याला ओळखतच नाही. दोन्हींचा इलाज वेगळा. 20-25 वर्षं निवडून येणाऱ्यांचं बहुतेक दुसरं होतं.

सी-101: मुंबईत तर तेच. भाजपचे राम नाईक 1989 ते 1999 सलग 5 वेळा उत्तर मुंबईतून. 2004 ला गोविंदाने 48,271 नी पाडलं. सगळे म्हणाले नट आला म्हणून. मग 2009 ला नट नव्हता, संजय निरुपम होते, तरी 5,779 नी गेले. मध्ये पुनर्रचना होऊन वसई-विरारचा पट्टा तुटला होता, जिथल्या लोकल प्रवाशांसाठी त्यांनी आयुष्य घातलं. आणि मनसेच्या शिरीष पारकरांनी 1,47,502 घेतली. बी-302 च्या हिशेबाने 4 टक्के वळली असती तर पुरे.

बी-302: इथे मतविभागणी म्हणायला हरकत नाही.

डी-505: स. का. पाटील राहिले. 1967, दक्षिण मुंबई. तीनदा मुंबईचे महापौर, केंद्रात मंत्री, 'मुंबईचा अनभिषिक्त राजा'. समोर जॉर्ज फर्नांडिस, नगरसेवक आणि कामगार पुढारी. जॉर्जच्या प्रचाराचा सगळा भर एकाच गोष्टीवर: पाटलांना पाडता येतं. पाडा असं नाही, पडतात एवढंच. मतदाराला राग आधीच असतो, खात्री नसते. त्याच वर्षी तिकडे मद्रास राज्यात, विरुधुनगरला विधानसभेला, काँग्रेसचे मोठे नेते कामराज एका विद्यार्थी नेत्याकडून 1,285 मतांनी पडले.

ए-601: पडून परत आलेले कोण?

सी-101: गणपतराव देशमुख. सांगोला, 11 वेळा आमदार, तेही शेकापचे. 1995 ला शहाजीबापू पाटलांकडून 192 मतांनी पडले. 1999 ला परत आले आणि मग 2019 ला स्वतःहून थांबेपर्यंत राहिले. मधु दंडवते मात्र 1971 पासून राजापूरहून 5 वेळा आले, 1984 च्या लाटेतही टिकले, आणि 1991 ला पडले ते पुन्हा लोकसभेत दिसले नाहीत.

ए-203: काका, मग मी तो मेसेज काढू?

बी-704: राहू दे, खाली एवढं लिहिलंय सगळ्यांनी. संगमनेरचे 2019 आणि 2024 चे दोन्ही नमुने उतरवून घे, आधी केंद्रांची यादी. पीडीएफ स्कॅन केलेली असते, आकडे कॉपी होत नाहीत, हाताने भरावे लागतील. शहराचे बूथ आधी भर, 2-3 तासांचं काम आहे. एक्सेल इथेच टाक.

बी-302: टक्का काढताना नोटा धरून एकूण घे, दोन्ही वर्षांना सारखं. नाहीतर पुन्हा भांडण.