नाकातोंडात गेलं नाही तरी फवारणीनंतर त्रास का होतो?

पराटीवाला:
नमस्कार मंडळी. आमच्याकडे पराटीवर (कपाशीवर) फवारणी चालू आहे, लहान भाऊ प्रोफेनोफॉस हे कीटकनाशक मारतो. तोंडाला दुपट्टा गच्च बांधतो, मधात काही खात-पीत नाही, तरी संध्याकाळी मळमळ, डोकं जड आणि डोळ्यापुढे धूसर. घरचे म्हणतात ऊन लागलं. मला भीती वाटते कारण २०१७ ला आमच्याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीत २० च्या वर माणसं गेली. अंगावरचं पाणी ओघळून जातं, आत शिरत नाही, मग औषध कातडीतून कसं शिरेल?

काळी_माती:
वासानेच होतं भाऊ ते. चांगला मास्क घेऊन द्या, वाऱ्याच्या विरुद्ध मारू नका, बस.

डॉ_ताई:
मास्क पाहिजेच, पण फवारणीत बरंचसं औषध कातडीवाटेच जातं. कातडीचा सगळ्यात वरचा थर मेलेल्या पेशींचा असतो आणि त्या पेशींच्या मधे चरबी असते, म्हणून पाणी सहज आत जात नाही. पण प्रोफेनोफॉससारखी औषधं चरबीत विरघळतात, त्यामुळे त्याच चरबीतून वाट काढत खाली रक्तापर्यंत पोचतात. त्यात ईसी औषधात, म्हणजे पाण्यात मिसळून मारायच्या तेलकट औषधात, ते विरघळवणारा सॉल्व्हंट असतो, आणि उन्हात कातडी गरम, घामाने ओली, म्हणजे अजून सोपं.

अंगाची सगळी कातडी सारखी नसते हे तर कोणी सांगतच नाही. कॅलिफोर्नियात माणसांच्या अंगावर अगदी थोडं पॅराथिऑन, म्हणजे याच जातीचं कीटकनाशक, लावून मोजलं होतं, १९७१ साली ते छापून आलं. कोपराखालच्या हातातून साधारण ९ टक्के आत गेलं, बगलेतून ६४, आणि अंडकोषाच्या कातडीतून जवळजवळ सगळंच. आता पाठीवरचा पंप गळत असेल तर ओघळ कुठे जातो बघा, पाठीवरून कमरेत आणि तिथून जांघेत, आणि ती ओली पँट दिवसभर अंगाला चिकटलेली.

आत गेल्यावर हे औषध कोलिनेस्टरेज नावाचं, नसांचे इशारे वेळेवर थांबवणारं एन्झाइम बंद पाडतं, मग लाळ, घाम, डोळ्याच्या बाहुल्या बारीक होणं, छाती भरणं, स्नायू फडफडणं सुरू होतं. ते एन्झाइम पूर्ववत व्हायला काही आठवडे लागतात, म्हणून रोज थोडं थोडं गेलं तरी परिणाम साचत जातो. भावाला आजच दवाखान्यात न्या, औषधाचा डबा सोबत घ्या म्हणजे काय गेलं ते डॉक्टरांना कळेल. आणि बरं वाटलं तरी लगेच फवारणीला पाठवू नका.

पराटीवाला:
ताई, पंप गळतोच. झाकणाचं वायसर गेलंय, पाठ पूर्ण भिजते. निघतोच आता त्याला घेऊन. हातमोजे कोणते घेऊ?

डॉ_ताई:
नायट्राइलचे, जाड. कापडाचे किंवा चामड्याचे नकोच, ते औषध पितात आणि कातडीला लावून ठेवतात. सगळ्यात जास्त धोका डब्यातून औषध मोजून घेताना असतो कारण तेव्हा त्यात पाणी मिसळलेलं नसतं, तेव्हा तरी मोजे काढू नका. आत्ता निघायच्या आधी त्याचे कपडे काढा, साबण लावून भरपूर पाण्याने अंग धुवा, धुणाऱ्यानेही मोजे घाला.

काळी_माती:
ताई हे अंगावरचं माहीतच नव्हतं. आमच्याकडे बाया फवारलेल्या कपाशीत दुसऱ्याच दिवशी निंदायला जातात, पानं ओली असतात, हात उघडे. त्यांनाही हेच होत असेल ना?

डॉ_ताई:
हो, होऊ शकतं. डब्यासोबतच्या पत्रकात फवारणीनंतर शेतात कधी जायचं ते दिलंय का बघा, दिलं असेल तर तोवर जाऊ देऊ नका.