फ्लॅटवाउंड लावा, पण मानेवरचा ताण बघून

बरेच जण सांगतात की जुन्या बेस गिटारला डोळे मिटून फ्लॅटवाउंड (वरचं वेटोळं चपट्या, गुळगुळीत तारेचं असलेल्या तारा) लावा, फ्रेट (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) फारसे झिजत नाहीत. फ्रेटबद्दल एकदम मान्य, कारण निकल सिल्व्हर या मिश्रधातूचे जुने फ्रेट मऊ असतात आणि स्टेनलेस स्टीलच्या राउंडवाउंड (गोल तारेचं खरखरीत वेटोळं असलेल्या) तारा त्यांना कानशीसारख्या खातात. पण मानेचं, म्हणजे तारा ज्यावर दाबतो त्या लाकडी दांड्याचं काय? फ्लॅटचा ताण बहुतेक वेळा त्याच जाडीच्या राउंडपेक्षा जास्त असतो. लोक मोटाउनचा बेसवादक जेम्स जेमरसनचं नाव घेऊन ला बेला कंपनीचा ५२-११० सेट (सर्वात बारीक आणि सर्वात जाड तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागांत) मागवतात, तो त्याच्या १९६२ च्या फेंडर प्रिसिजन बेसवर शोभला, पण ४५-१०५ ची सवय झालेली पन्नास वर्षांची मान त्या ओढीने पुढे वाकू शकते, आणि त्या काळच्या फेंडरला ट्रस रॉडचा (मानेचा बाक सरळ करणाऱ्या आतल्या सळीचा) नट मानेच्या बुडाशी, म्हणजे तारा सैल करून मान सोडवल्याशिवाय नीट फिरवता येत नाही.

माझ्या सत्तरच्या दशकातल्या प्रिसिजनला मी असाच जाड सेट लावला, आठवड्यात अ‍ॅक्शन (तारांची फ्रेटपासूनची उंची) वर गेली आणि मला वाटलं फ्रेटच गेले, ते घासून घ्यायला निघालो होतो! आधी तार पहिल्या आणि मान बॉडीला जुळते तिथल्या फ्रेटवर दाबून सातव्या-आठव्या फ्रेटवर तारेखालची फट बघितली, ०.३ मिमीच्या आसपास हवी ती जवळजवळ मिलीमीटरभर होती. कमी ताणाचे फ्लॅट लावले, नट पाव फेरा फिरवला, दोन दिवस तसंच ठेवलं, मान जागेवर आली. फ्रेट एकदा घासले की परत येत नाहीत, म्हणून आधी फट मोजा आणि सेट घेताना जाडीबरोबर पाकिटावर किंवा कंपनीच्या तक्त्यात ताणाचा आकडा दिलाय का तेही बघा.