लॉन्क्लूमच्या ताऱ्यांनी कम्ब्रियाचं अन्न वाचतं का?

दगडफूल:
"लॉन्क्लूमला तीन तारे मिळाले आणि कम्ब्रियाचं स्थानिक अन्न वाचलं," असं काल इथे एकाने ठोकून दिलं. साफ अमान्य. लॉन्क्लूम म्हणजे इंग्लंडमधल्या कम्ब्रिया परगण्यातल्या कार्टमेल गावचं रेस्टॉरंट, आणि तारे मिशेलिन या हॉटेल-मार्गदर्शकाचे. 2022 साली तिसरा तारा आला. तिथले शेफ सायमन रोगन यांच्या हाताबद्दल वाद नाही. पण माणशी 200 पौंडांच्या वरच्या जेवणात हर्डविक, म्हणजे तिथल्या डोंगरांवरच्या जातीची मेंढी, येते दोन घासांपुरती. बाकीचं धड कुणी घ्यायचं? मान, खांदा, छाती खपली तरच डोंगरावरच्या मेंढपाळाचं भागतं. ही जात सावकाश वाढते, वर्षाच्या आत कापण्याजोगी क्वचितच होते. 'लेकलँड हर्डविक' हे 2013 पासूनचं संरक्षित नाव लावायचं तर जन्म, वाढ आणि कत्तल, तिन्ही कम्ब्रियातच व्हायला हवं. म्हणजे जवळचा कत्तलखाना बंद झाला की नावही गेलं. तिथे तारे काय करणार?

शेपू:
दोन घासांवरून निकाल देऊ नका. रोगन यांचं 12 एकरांचं शेत आहे, भाज्या तिथून येतात. गावात त्यांचंच दुसरं रेस्टॉरंट, रोगन अँड को, आहे, तिथे दर बरेच कमी. 2002 मध्ये लोहाराच्या जुन्या कारखान्यात लॉन्क्लूम काढलं, तेव्हा कार्टमेलला जेवायला कोण जात होतं?

आंबटचुका:
घोड्यांच्या शर्यती होत्या, प्रायरी म्हणजे जुन्या मठाचं चर्च होतं, लोक जातच होते! आणि कार्टमेल 1974 पर्यंत शेजारच्या लँकशायर परगण्यात होतं, त्याला कम्ब्रियाच्या परंपरेचा चेहरा करू नका. कंबरलँडचं, म्हणजे कम्ब्रियात विलीन झालेल्या जुन्या परगण्याचं, खरं अन्न म्हणजे तिथला सॉसेज. सुपरमार्केटच्या पाकिटातले बोटभर तुकडे नव्हेत, अखंड वेटोळं.

शेपू:
पाकिटावरही कंबरलँडच लिहिलेलं असतं.

आंबटचुका:
कारण 2011 मध्ये संरक्षण मिळालं ते 'ट्रॅडिशनल कंबरलँड सॉसेज' या पूर्ण नावाला. नुसतं 'कंबरलँड' कुणीही छापतो. पूर्ण नावाला किमान 80 टक्के मांस, जाडसर दळण आणि निदान 20 मिमी जाडी लागते, आणि तो कम्ब्रियातच बनवावा लागतो. पाकिटावरची मांसाची टक्केवारी वाचा, मग बोला.

हिंगाष्टक:
आणि घरी आणून त्याची माती करतात ती वेगळीच! काट्याने टोचतात, चरबी वाहून जाते, आत भुसा उरतो. टोचू नका. वेटोळ्यात दोन सळया आडव्या-उभ्या खुपसा, म्हणजे उलटताना सुटत नाही. ओव्हन 180 अंश, 30 ते 35 मिनिटं, मध्ये एकदा उलटा. आतलं तापमान 75 अंश झालं की बाहेर. तव्यावर मोठ्या आचेवर सॉसेजवरचं आतड्याचं आवरण आकसतं आणि फाटतं.

शेपू:
तीन ताऱ्यांवरची चर्चा सळयांवर आणून ठेवलीत. मूळ प्रश्नाचं उत्तर कुणी देणार आहे का?

हिंगाष्टक:
हेच उत्तर आहे. कसायाकडून नेलेलं नीट शिजलं तर माणूस पुन्हा त्याच्याकडे जाईल. रबर खाल्लेला जाणार नाही.

दगडफूल:
भाज्यांपुरतं शेपूंचं मान्य करतो, त्यापुढे एक पाऊलही नाही. मेंढीचं गणित तसंच उभं आहे. ते बदलायचं तर कसायाकडे चॉप्स मागू नका, हॉगेटचा खांदा मागा. हॉगेट म्हणजे वर्ष उलटलेली मेंढी. हाडासकट दोन किलो घ्या. कुकरच्या शिट्ट्या नकोत. बाहेरचे धागे सुटतात आणि सांध्याजवळ मांस चिवट राहतं. जाड बुडाचं भांडं, तळाला कांदा, 300 मिली पाणी, झाकण घट्ट. 150 अंशांवर चार ते साडेचार तास, पंख्याचा ओव्हन असेल तर 130. चरबी भरपूर सुटते, म्हणून रस वेगळा काढून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा आणि सकाळी वरचा पांढरा थर उचला. तो थर तसाच ठेवून मसाला परतलात तर सगळं तेलकट होतं आणि दोष बिचाऱ्या मेंढीवर जातो.

शेपू:
खांदा आणते. ताऱ्यांबद्दलचं मत मात्र तेच.