घाट उतरल्यावर जळका वास: क्लच की ब्रेक?

पाऊलवाट
मंडळी, मत हवंय. रविवारी कराडहून चिपळूणला कुंभार्ली घाटाने आलो. पेट्रोल हॅचबॅक, आठ वर्षं जुनी, चौघं जण आणि डिकी भरलेली. घाटात काही जाणवलं नाही, पण पोफळीला चहाला थांबलो आणि दार उघडल्या उघडल्या जळका वास. धूर नाही, मीटरवर कुठला लाइट नाही, टेम्परेचरचा काटाही जागेवर. सोमवारी गॅरेजला नेली तर त्याने एक चक्कर मारली आणि म्हणाला क्लच गेलाय, प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग सगळा सेट टाका, साडेनऊ हजार. मला पटत नाहीये. क्लच गेला असता तर आधी चढावर कळलं असतं ना? घरचे म्हणतात त्याला तुझ्यापेक्षा जास्त कळतं.

दुसरागिअर
घरचे बरोबर बोलतायत. आठ वर्षांत क्लच संपतोच, त्यात आपल्यातल्या निम्म्या लोकांना पाय क्लचवरच ठेवून चालवायची सवय. माझ्या गाडीला असाच वास यायचा, मी चार महिने ढकलले आणि शेवटी भर पावसात गाडी चढावर उभी राहिली, मागे लेकरं बसलेली. पैसे घालून मोकळे व्हा.

पान्हा१०
साफ असहमत. उतारावर क्लचला काम किती? गिअर बदलताना तेवढं. हेळवाकपासून पोफळीपर्यंत सगळा भार असतो ब्रेकवर. आणि क्लच तपासायला गिअरबॉक्स उतरवायची गरज नाही. मोकळ्या जागेत हँडब्रेक पूर्ण ओढा, ब्रेकवर पाय ठेवा, चौथा गिअर टाका आणि क्लच हळूहळू सोडा. इंजिन लगेच बंद पडलं तर प्लेट पकडतेय. चालूच राहिलं तर घसरतेय. एकदाच करा, पुन्हा पुन्हा केलंत तर चांगली प्लेटपण जाळाल. हे न करता साडेनऊ हजार सांगणाऱ्याकडे मी गाडी ठेवणार नाही.

दुसरागिअर
सगळ्यांना असले प्रयोग जमत नाहीत. मग माणसाने गॅरेजवर विश्वास ठेवायचाच नाही का?

पान्हा१०
ठेवायचा, पण कुठे काय बघितलं ते त्याने सांगितलं पाहिजे. वास कुठून येतोय हे शोधायला पैसे लागत नाहीत. गाडी थांबवली की चारही चाकांजवळ वाकून वास घ्यायचा आणि तळहाताची मागची बाजू रिमच्या जवळ न्यायची, टेकवायची नाही. पुढची दोन्ही चाकं सारखीच तापली असतील तर घाटाने तापली. एकच जास्त तापलं असेल तर तिथे ब्रेक पकडून बसलाय.

माजघर
बॉनेटखालीपण बघा. आमच्या गाडीत टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनावरच्या झाकणाचं, पॅकिंग गेलेलं, ऑइल झिरपून गरम एक्झॉस्टवर पडायचं. सिग्नलला थांबलं की एसीतून करपलेल्या तेलाचा वास, गाडी पळायला लागली की गायब. आणि गावाकडे पेंढ्यावर किंवा वाळलेल्या गवतावर गाडी लावली असेल तर खाली वाकून सायलेन्सर बघा, काही अडकलंय का ते, त्याने आग लागू शकते. गोडसर वास असेल तर कूलंट, प्लॅस्टिक जळाल्यासारखा असेल तर वायरिंग. वायरिंगची शंका आली तर एक किलोमीटरसुद्धा पुढे चालवू नका.

लालमाती
एवढं घाबरायचं काही नाही हो. वीस वर्षं घाटात चालवतोय, वास येतोच. पाच मिनिटं थांबायचं, चाकांवर पाणी मारायचं आणि निघायचं. मी तर उतारावर न्यूट्रलच करतो, पेट्रोलपण वाचतं.

पान्हा१०
काका, राग मानू नका पण दोन्ही गोष्टी घातक आहेत. ब्रेकच्या तापलेल्या डिस्कवर गार पाणी पडलं तर ती वाकते, तडासुद्धा जाते. आणि फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की उतारावर पेट्रोल बंदच होतं, उलट न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला ते जळत राहतं. न्यूट्रलमध्ये सगळं ओझं ब्रेकवर येतं. नव्या डॉट ३ दर्जाच्या ब्रेक ऑइलचा उकळबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असतो, पण ते हवेतलं पाणी शोषतं आणि जुनं झालं की १४० पर्यंत खाली येऊ शकतं. ते उकळलं की पॅडल थेट तळाला जातं.

लालमाती
पाण्याचं मान्य, आजपासून बंद. पण दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन एवढं ओरडतं, त्याची झीज होत नाही का? ब्रेक पॅड स्वस्त, इंजिन महाग. हे काही मला पटलेलं नाही.

पान्हा१०
तीन-साडेतीन हजार आरपीएमला इंजिनाला काहीही होत नाही, ते त्यासाठीच बनवलंय. ज्या गिअरमध्ये चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचं.

पाऊलवाट
सगळ्यांचे आभार. चौथ्या गिअरची टेस्ट केली, इंजिन जागच्या जागी बंद पडलं. मग जॅक लावला. उजवं पुढचं चाक हाताने सहज फिरलं, डावं दोन्ही हातांनी ढकलून अर्धा फेरा, आणि आत घास-घास आवाज. रिमवर त्याच बाजूला काळी पूड, ती महिनाभर बघत होतो आणि चिखल समजत होतो. दुसऱ्या गॅरेजवाल्याने कॅलिपर, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारा भाग, खोलला, खालची पिन गंजून जाम, आतला पॅड पत्र्याएवढा उरलेला आणि बाहेरचा जवळजवळ नवा. पिना साफ करून ग्रीस, नवे पॅड, ब्रेक ऑइल बदली, सगळे मिळून २,८०० रुपये.

दुसरागिअर
चला, माझा अंदाज चुकला. तरी पुढच्या वेळी चढावर लक्ष ठेवा, आरपीएम वाढून स्पीड वाढत नसेल तर क्लचच.

माजघर
नवे पॅड बसताना पहिले काही दिवस थोडा वास येईल, त्याने घाबरू नका. पण डाव्या चाकाजवळ हात नेऊन बघत राहा.